अमेरिकेत युनियनमधून इलेक्ट्रिशियन: अर्जापासून जर्नीमनपर्यंत

आधी व्हिसाचं बोलू, कारण निम्मे प्रश्न तिथेच संपतात. अ‍ॅप्रेंटिसशिप, म्हणजे काम करत शिकून जर्नीमन (पूर्ण प्रशिक्षित कारागीर) होण्याचा काळ, ही पहिल्या दिवसापासून पगारी नोकरी आहे. त्यामुळे अमेरिकेत काम करायची परवानगी आधीच हातात लागते: नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा रोजगार परवान्याचं कार्ड, ज्याला सगळे ईएडी म्हणतात. एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या जोडीदाराकडे ईएडी नसेल तर अर्ज करून उपयोग नाही. ईएडी असेल तर पाच वर्षांत त्याचं नूतनीकरण कधी येतं ते आधी मांडून बघा, कारण कार्डाची मुदत संपली की साइटवरचं कामही थांबतं. नाशिक-सांगलीतल्या वायरमनला इथून कोणी अ‍ॅप्रेंटिस म्हणून व्हिसा काढून देत नाही. ‘अमेरिकन युनियनमध्ये लावतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

बांधकामातल्या बहुतेक कसबांच्या युनियनकडे असे कार्यक्रम आहेत. सुतारकामाला साधारण चार वर्षं, प्लंबिंग आणि पाइपफिटिंगला पाच. इथे इलेक्ट्रिशियनची वाट घेतली आहे, कारण आपल्याकडच्या मुलांची विचारणा जास्त तिथेच असते आणि तिची परीक्षा देशभर बरीचशी सारखी आहे. आयबीईडब्ल्यू ही इलेक्ट्रिशियनची युनियन (स्थापना १८९१) आणि नेका ही कंत्राटदारांची संघटना मिळून गावोगाव प्रशिक्षण समित्या चालवतात. समितीत दोन्ही बाजूंचे सभासद सारखे. इमारतींमधलं काम करणाऱ्या ‘इनसाइड वायरमन’चा अभ्यासक्रम पाच वर्षांचा: साइटवर ८,००० तास आणि वर्गात सुमारे ९०० तास.

युनियनच्या शाखेला ‘लोकल’ म्हणतात आणि प्रत्येक लोकलची हद्द ठरलेली असते. सॅन होजे आणि सांता क्लारा काउंटीसाठी लोकल ३३२, शिकागोसाठी लोकल १३४, न्यूयॉर्क शहरासाठी लोकल ३. अर्ज कुठे करायचा हे हद्दीवर ठरतं. काही समित्या वर्षभर अर्ज घेतात, काही ठिकाणी खिडकी थोडेच दिवस उघडते आणि अर्जांची संख्याही ठरलेली असते. न्यूयॉर्क राज्यात अशा भरतीच्या जाहिराती राज्याचं कामगार खातं प्रसिद्ध करतं. गाडीने पोचता येतील अशा दोन-तीन लोकलचे अर्ज भरायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते, आणि ते भरावेतच.

पात्रता मोजकी: वय १८, हायस्कूलचा दाखला किंवा जीईडी (त्याच्या बरोबरीची परीक्षा), आणि बीजगणिताचा एक वर्षाचा विषय उत्तीर्ण. आपली मंडळी अडकतात ती शेवटच्या अटीपाशी. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर बहुधा नुसतं ‘गणित’ असतं आणि अर्ज तपासणारा माणूस ‘बीजगणित’ हा शब्द शोधत असतो. नेसेस या परदेशी शिक्षणाचं मूल्यांकन करणाऱ्यांच्या संघटनेच्या सभासद संस्थेकडून गुणपत्रिकेचं विषयवार मूल्यांकन करून घ्या. नुसता ‘बारावी समकक्ष’ असा शेरा पुरत नाही. तरीही अडलं तर कम्युनिटी कॉलेजात बीजगणिताचा एक कोर्स करून टाका. पुष्कळ समित्या प्रशिक्षण संस्थेचा स्वतःचा ऑनलाइन ‘टेक मॅथ’ कोर्सही धरतात.

मग चाळणी परीक्षा. गणिताचे ३३ प्रश्न, वेळ ४६ मिनिटं. वाचन-आकलनाचे ३६ प्रश्न, वेळ ५१ मिनिटं. कॅल्क्युलेटर मिळेल असं धरून चालू नका. विजेबद्दल एकही प्रश्न नसतो, त्यामुळे आयटीआयची पुस्तकं काढून बसू नका. गणित नववी-दहावीचंच: समीकरणं, फलनं, आलेख, बहुपदींचा गुणाकार, अपूर्णांक आणि संख्यांची मालिका. महाराष्ट्र बोर्डातून आलेल्याला अवघड काही नाही, पण प्रश्नाला दीड मिनिटही मिळत नाही आणि दहा वर्षांत हाताने भागाकार न केलेला माणूस तिथे घामाघूम होतो. घड्याळ लावून सराव करा. मालिकेच्या प्रश्नावर दोन मिनिटं गेली की सोडून पुढे जा. वाचनात उताऱ्यात जे लिहिलंय तेवढंच उत्तर. स्वतःचं ज्ञान मिसळलं की पर्याय चुकतो, आणि जास्त शिकलेले लोक याच चुकीत सापडतात. गुण १ ते ९ या मापात मिळतात, मुलाखतीला निदान ४ लागतात. कमी पडले तर पुन्हा परीक्षा द्यायला साधारण सहा महिने थांबावं लागतं.

परीक्षेतून फक्त दार उघडतं. यादीतला क्रमांक ठरतो तो मुलाखतीच्या गुणांवर, म्हणून सगळा जोर तिथे लावा. समोर निम्मे युनियनचे, निम्मे कंत्राटदारांचे लोक बसतात आणि सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात: हेच काम का, हाताने काय काय केलंय, सहकाऱ्याशी खटका उडाला तेव्हा काय केलंत, उंचीवर आणि थंडीत काम जमेल का. इंजिनिअरिंगची पदवी असेल तर सांभाळून बोला. समिती एका मुलावर पाच वर्षं खर्च करते आणि हा आयटीची नोकरी मिळाली की पळेल ही शंका त्यांना लगेच येते. ‘मी मेहनती आहे’ असं म्हणण्याऐवजी गोदामात पहाटेची पाळी किती महिने केलीत, हजेरी कशी होती, ते सांगा. यादी सहसा दोन वर्षं चालते. क्रमांक खाली असेल तर त्या काळात मटेरियल हँडलर (सामान पोचवणारा) किंवा कन्स्ट्रक्शन वायरमन (अ‍ॅप्रेंटिस नसलेला मदतनीस) म्हणून युनियनच्याच कंत्राटदाराकडे काम धरा, ओशाचं (कामगार सुरक्षेचं सरकारी खातं) दहा तासांचं सुरक्षा कार्ड काढा आणि नव्या अनुभवावर पुन्हा मुलाखत मागा.

नाव लागलं की लघवीची अमली पदार्थ चाचणी असते. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी पुष्कळ ठिकाणी तो चाचणीत चालत नाही. वाहन परवाना आणि चालू स्थितीतली गाडी हवी, कारण साइट हद्दीत कुठेही असू शकते आणि काम पहाटे सहा-सातला सुरू होतं. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, २५ फुटी टेप, छोटी लेव्हल, हातोडी अशी हत्यारं स्वतःची लागतात. त्यांची यादी लोकल देतं. ड्रिलसारखी विजेवरची हत्यारं कंत्राटदाराची. यादीत नसलेलं महागडं काही पहिल्याच महिन्यात घेऊ नका.

पहिलं वर्ष बहुतेक सामान वाहण्यात, खणण्यात आणि झाडलोटीत जातं. भारतात वायरिंग केलेल्यांना काही सवयी मोडाव्या लागतात. इथे भिंतीत झिरी मारत नाहीत, लाकडी किंवा पत्र्याच्या चौकटीतून पाइप नि केबल जाते. घरात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. मापं फूट-इंचात, तारेचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक. नियमांचं पुस्तक म्हणजे एनईसी (राष्ट्रीय विद्युत संहिता), दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती.

नव्या पोराची लायकी फोरमन जोखतो ती पाइप वाकवण्यावरून. अर्ध्या इंची ईएमटी (तारा घालायचा पातळ धातूचा) पाइप काटकोनात १२ इंच वर उचलायचा असेल तर बेंडरचे (पाइप वाकवायचं हत्यार) ५ इंच वजा करून ७ इंचांवर खूण करायची (पाऊण इंचीला ६ वजा, एक इंचीला ८). अडथळा चुकवायला ऑफसेट, म्हणजे उलटसुलट दोन वाक, लागतो: ३० अंशांना गुणक २, ४५ ला १.४. म्हणजे ६ इंचांचा ऑफसेट ३० अंशांत घ्यायचा तर दोन खुणांमध्ये १२ इंच. शिवाय पाइपची पोच दर इंचाला पाव इंच कमी होते, इथे दीड इंच, आणि नवखे हेच विसरतात. दुसरी चूक म्हणजे दुसरा वाक घेताना पाइप हातात किंचित फिरतो आणि दोन्ही वाक एका पातळीत येत नाहीत. तो पाइप भंगारात. ओढायच्या दोन जागांमध्ये एकूण वाक ३६० अंशांपेक्षा जास्त झाले तर तपासनीस काम नापास करतो.

पगार जर्नीमनच्या दराच्या ४० ते ५० टक्क्यांपासून सुरू होतो आणि तास व वर्ग पूर्ण होतील तसा टप्प्याटप्प्याने वाढतो. समजा जर्नीमनचा दर तासाला ६० डॉलर आहे, तर ४० टक्क्यांनी २४ डॉलर, आठवड्याला ९६०, त्यातून कर आणि युनियनची वर्गणी जाते. आरोग्य विमा आणि पेन्शनचे पैसे कंत्राटदार बहुतेक ठिकाणी दराच्या वर वेगळे भरतो. घर चालवणाऱ्या माणसाने पहिली दोन वर्षं तंगीची धरून चालावं.

काम संपलं की ले-ऑफ होतो, त्यात अपमान काही नाही. बेरोजगार भत्त्याचा अर्ज त्याच आठवड्यात करा आणि प्रशिक्षण कार्यालयाला कळवा. पुढच्या कंत्राटदाराकडे तेच पाठवतात, स्वतः शोधत फिरायचं नसतं. आठवड्याला ४० तास धरले तर ८,००० तास म्हणजे २०० आठवडे, आणि पाच वर्षांत आठवडे २६०. मधल्या खंडांसाठी जागा आहे. तासांचा मासिक अहवाल मात्र फोरमनच्या सहीनिशी वेळेत द्या. पगारवाढ रखडते ती बहुधा कामामुळे नाही, या एका कागदामुळे.

सुरुवातीच्या परिवीक्षा काळात, जो एक वर्षापेक्षा जास्त असू शकत नाही, कारण न देताही नाव काढता येतं. व्यवहारात नाव जातं ते उशिरा येण्याने आणि वर्ग बुडवण्याने. सही करताना करारातलं शिक्षण-कर्जाचं कलम वाचा: मध्येच सोडून युनियनबाहेरच्या कंत्राटदाराकडे गेलात तर शिक्षणाचा खर्च परत मागण्याची तरतूद पुष्कळ समित्या ठेवतात.

शेवटी कामगार खात्याचं प्रमाणपत्र मिळतं, पण परवाना राज्याचा वेगळा. कॅलिफोर्नियात ८,००० तासांनंतर राज्याची प्रमाणन परीक्षा द्यावी लागते. इलिनॉय आणि न्यूयॉर्कमध्ये राज्यपातळीवर इलेक्ट्रिशियनचा परवाना नाही, तिथे नियम शहरागणिक बदलतात. जर्नीमन झाल्यावर दुसऱ्या लोकलच्या हद्दीत काम हवं असेल तर तिथल्या ‘बुक २’ वर (बाहेरून आलेल्यांची काम मागायची यादी) सही करायची. स्थानिक लोकांचं ‘बुक १’ आधी संपतं, मग तुमचा नंबर.