नगरपालिकेची नवी इमारत बांधताय? प्लॅन काउंटरपासून सुरू करा

नगरपालिकेची नवीन इमारत म्हटलं की टेबलावर पहिलं ड्रॉइंग येतं ते दर्शनी भागाचं, निळी काच, ॲल्युमिनियमची एसीपी शीट, मधे घुमट नाहीतर कमान, आणि मग मीटिंगभर सगळे त्याच्यावरच बोलत बसतात. छोट्या गावांच्या पालिकांची कामं मी बरीच वर्षं करतोय आणि माझं म्हणणं एकच आहे, प्लॅन सुरू करायचा तो दाखला काढायला आलेल्या माणसाच्या जागेवरून, अध्यक्षांच्या केबिनपासून नाही.

पेन्सिल हातात घ्यायच्या आधी जुन्या ऑफिसात जाऊन बसा. दोन दिवस तरी बसाच, त्यातला एक मार्चमधला असेल तर फारच बरं कारण घरपट्टीची खरी गर्दी तेव्हाच कळते. माणूस कुठून आत येतो, कुणाला विचारतो, एका कामासाठी किती वेळा जिना चढतो-उतरतो ते वहीत लिहून काढा. मी एका पालिकेत असाच जन्म-मृत्यूच्या खिडकीसमोर बसलो होतो. काचेला खाली अर्धगोल भोक, तेही कमरेच्या उंचीवर, म्हणजे प्रत्येकाने वाकून त्या भोकाशी तोंड नेऊन बोलायचं. एक आजी आल्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घ्यायला, आत ऐकू जाईना म्हणून त्यांना नवऱ्याचं नाव आणि वारल्याची तारीख तीनदा ओरडून सांगावी लागली, मागे सगळी रांग ऐकतेय. क्लार्क काही वाईट नव्हता, काउंटरच तसा बांधलेला होता.

म्हणून काच फक्त कॅश काउंटरला ठेवा, बाकीची काढा. काउंटर टेबलाच्या उंचीचा, म्हणजे साधारण ७५० मिलीमीटर, दोन्हीकडे खुर्च्या, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाचे गुडघे आत जातील अशी खाली मोकळी जागा. दोन काउंटरच्या मधे आडोसा पाहिजे. आणि एक स्क्रीन लोकांच्या बाजूला वळवलेला ठेवा, आपलं नाव कसं टाइप होतंय ते समोरच दिसलं की स्पेलिंग चुकल्यामुळे होणारे किती हेलपाटे वाचतात बघा.

घरपट्टी, पाणीपट्टी, दाखले, आवक, तक्रार हे सगळं तळमजल्यावर एकाच हॉलमध्ये. लेखा, आस्थापना वगैरे जिथे लोकांचं काम क्वचित पडतं ते वर गेलं तरी चालतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याचा बोर्ड, कोणती सेवा किती दिवसात, पदनिर्देशित अधिकारी कोण, हा दारातून आत आल्याआल्या डोळ्यासमोर येईल असा लावा, जिन्याखाली नको. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे प्लिंथ, जोत्याची उंची, ६०० मिलीमीटर असेल तर ७.२ मीटर लांबी लागते, ही जागा सुरुवातीलाच धरली नाही की रॅम्प मागच्या बाजूला कचराकुंडीशेजारी जातो. महिलांचं टॉयलेट हॉलमधून दिसेल असं हवं आणि त्याची किल्ली शिपायाकडे नको. हिरकणी कक्षही तिथेच जवळ.

सभागृहाचं पण तसंच. पायऱ्यापायऱ्यांचं आणि खुर्च्या जमिनीला ठोकलेलं सभागृह बांधलं की ते सभेपुरतं उघडतं आणि एरवी कुलूप. जमीन सपाट ठेवा, खुर्च्या सुट्या ठेवा, बाहेरून स्वतंत्र दार द्या, म्हणजे सभा नसेल तेव्हा तिथे बचत गटांची बैठक होते, लसीकरणाचा कॅम्प होतो, संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात. सभा ऐकायला येणाऱ्यांचा रस्ता कुणाच्या केबिनसमोरून जाऊ देऊ नका, माणूस तिथूनच परत फिरतो.

आता बदलत्या गरजेचं. आपल्याकडे २५ हजार लोकसंख्येपर्यंत नगरपंचायत, मग ४० हजारांपर्यंत क वर्ग, एक लाखापर्यंत ब, पुढे अ. गाव वाढलं, हद्दवाढ झाली की स्टाफ वाढतो, नवे विभाग येतात, आणि इमारत मात्र विटांच्या भिंतींनी खोल्याखोल्यात बांधून टाकलेली. फिनलंडमध्ये साय्नात्सालो नावाच्या छोट्या गावाचा टाउन हॉल आर्किटेक्ट अल्वार आल्टोने १९५२ मध्ये पुरा केला, त्यात खाली दुकानं ठेवली होती, हेतू हा की पुढे ऑफिसला जागा कमी पडली तर ती आत घेता यावीत. तोवर भाडं येतं आणि अंगणात वर्दळ राहते. नेदरलँड्समधल्या ब्रुमेनने तर २०१३ मध्ये जुन्या व्हिलाला जोडून नवा भाग बांधला तोच पुढे उकलून सामान परत वापरता येईल असा, कारण पालिकेची हद्दच पुढे राहील की नाही याची त्यांना खात्री नव्हती. आणि लांब कशाला जायचं, सोलापूरची महापालिका ज्या इंद्रभुवनात बसली ते मुळात वारद कुटुंबाचं राहतं घर. मोठ्या खोल्या, उंच छत, भक्कम बांधकाम असलं की घराचंसुद्धा ऑफिस होतं.

हे आपल्या बजेटमध्ये कसं बसवायचं? कॉलम ६ ते ७.५ मीटरच्या ग्रिडवर सरळ रेषेत घ्या, मजल्याची उंची ३.६ मीटर तरी ठेवा, जिना-लिफ्ट-टॉयलेट-डक्ट एका टोकाला गोळा करा आणि मधला फ्लोअर मोकळा सोडून हलकी पार्टिशन टाका. स्लॅबच्या लोडचं मात्र स्ट्रक्चरल इंजिनीअरशी स्पष्ट बोला. इमारतीवरच्या वजनांच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ मध्ये, साध्या ऑफिसला चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २५० किलो, आणि फाइलरूमला ५ धरतात, आणि आपल्याकडे गठ्ठे कधी कुठे जाऊन बसतील सांगता येत नाही, तेव्हा रेकॉर्ड तळमजल्यावर आणि वरचे मजले ४ ला डिझाइन केलेले बरे. वर मजला चढवायचा असेल तर फुटिंग, म्हणजे पाया, आत्ताच त्या हिशोबाचं घ्या आणि गच्चीवर पुढच्या कॉलमसाठी सोडलेले लोखंडी बार लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटने झाका, उघडे राहिले तर गंजून जातात.

उन्हापावसाचं काम सगळ्यात स्वस्त आणि त्याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष. इमारतीच्या लांब बाजूंचं तोंड उत्तरेला आणि दक्षिणेला, रुंदी १२ ते १४ मीटर, दोन्हीकडे उघडणाऱ्या खिडक्या, एवढं केलं तरी दिवसा लाइट फार लावावे लागत नाहीत आणि वारा आरपार जातो. पश्चिमेला जिना आणि टॉयलेट टाका म्हणजे दुपारचं ऊन तेच खातात. ती निळी काच चंद्रपूरच्या उन्हात लावली की एसीशिवाय बसवत नाही, बिल पालिकेला झेपत नाही, आणि मग आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली दिसतात. तिकडे जाड भिंती, खोल छज्जे, जाळ्या, छोटं सावलीचं अंगण. रत्नागिरीकडे हेच चालणार नाही, तिथे उतरतं छप्पर आणि पावसाचा मारा अडवणारा रुंद व्हरांडा, ज्यात रांगसुद्धा कोरडी उभी राहते.

सोलरला ऑफिसइतकी चांगली जागा नाही कारण वापर सगळा दिवसाचा. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट लागतात, फक्त पाण्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडणार नाही एवढं बघा. पाण्याचा हिशोब सोपा, १००० चौरस मीटर गच्ची आणि ६०० मिलीमीटर पाऊस म्हणजे ६ लाख लिटर, त्यातलं ८० टक्के धरलं तरी ४ लाख ८० हजार. फ्लश आणि झाडांसाठी ते वापरा आणि पाइपला पहिल्या पावसाचं पाणी बाजूला काढायचा व्हॉल्व ठेवा.

टेंडर काढायच्या आधी अजून एक करा. शाळेच्या मैदानावर तो तळमजल्याचा हॉल फक्कीने खऱ्या मापात आखा, शाळेची बाकं काउंटरच्या जागी ठेवा आणि लोकांना चालून बघायला बोलवा. एका गावात आम्ही असं केलं तेव्हा व्हीलचेअरवरचे एक काका काउंटरच्या दोन ओळींमध्ये शिरले आणि अडकले, वळायलाच जागा नव्हती. आम्ही तिथल्या तिथे पायाने फक्की पुसली, चारी बाजूंनी दीड मीटर मोकळं सोडून नवी रेघ मारली, काकांनी पुन्हा गोल फिरून दाखवलं आणि मग ते माप ड्रॉइंगवर चढलं.