घरचा पीएस५ घराबाहेरून खेळायचा असेल तर

बेडरूममध्ये पडून फोनवर पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) चालला म्हणजे रिमोट प्ले, म्हणजे घरचा कन्सोल दुरून फोनवर खेळणं, जमला असं धरून चालू नका. तिथे फोन आणि कन्सोल एकाच वायफायवर असतात, त्यामुळे तो चालणारच. मुलुंडच्या घरातला कन्सोल गिरगावात मावशीकडे बसून चालू झाला, तर जमला म्हणायचं. बहुतेक जण तिथेच अडकतात आणि सगळीकडून एकच सल्ला ऐकतात: नेटचा प्लॅन वाढव. मीही वाढवला होता. १०० एमबीपीएसचा २०० केला, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले, तरी ॲप ‘कनेक्ट होत आहे’च्या पुढे सरकेना. दोष वेगात नव्हताच, पत्त्यात होता, म्हणजे इंटरनेटवर घर ज्या आकड्याने ओळखलं जातं त्या आयपीत.

आधी सोपं उरकून घ्या. कन्सोलला वायफायऐवजी लॅन केबल जोडा. सेटिंग्ज, सिस्टीम, रिमोट प्ले इथे जाऊन ‘एनेबल रिमोट प्ले’ चालू करा. सिस्टीममध्येच पॉवर सेव्हिंगखाली रेस्ट मोडचे, म्हणजे कन्सोल पूर्ण बंद न होता झोपलेला असतो तेव्हाचे, पर्याय आहेत. तिथलं ‘स्टे कनेक्टेड टू द इंटरनेट’ आणि नेटवर्कवरून पीएस५ चालू करण्याचं बटण, दोन्ही हवीत. फोनवर पीएस रिमोट प्ले ॲप घ्या, कन्सोलवरच्याच अकाउंटने लॉगिन करा. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे.

आता चाचणी. फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटा चालू करा आणि मग ॲप उघडा. चाललं, तर पत्त्याची पुढची खटपट सोडून सरळ अपलोडच्या भागाकडे जा. नाही चाललं, तर कुठल्याही कंपनीला फोन लावण्याआधी दोन आकडे कागदावर लिहून घ्या.

पहिला आकडा राउटरच्या पानावर मिळतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरखालच्या स्टिकरवर छापलेला पत्ता टाका, लॉगिन करा आणि ‘वॅन’ (राउटरची बाहेरच्या नेटकडची बाजू) किंवा ‘इंटरनेट स्टेटस’ असं लिहिलेल्या जागी दिसणारा आयपी टिपून घ्या. दुसरा आकडा: घरच्या वायफायवरून गूगलमध्ये ‘व्हॉट इज माय आयपी’ शोधा. दोन्ही जुळले, तर तुमचं घर थेट इंटरनेटवर आहे. नाही जुळले, तर मधे कुणीतरी बसलंय, आणि कोण ते पहिल्या आकड्यावरून कळतं.

वॅनचा आयपी १९२.१६८ने सुरू होत असेल, तर घरात दोन राउटर एकामागे एक लागलेत. आपल्याकडे हे सर्रास होतं. फायबरवाला त्याची पांढरी डबी लावून जातो, तिच्यातही राउटर असतो, आणि रेंज पुरत नाही म्हणून आपण बाहेरून आणखी एक आणून तिला जोडतो. माझ्या घरी हेच होतं. उपाय दोन आहेत: त्या डबीला ब्रिज मोडवर टाकायचं (म्हणजे तिच्यातला राउटर बंद), नाहीतर आपल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे तो फक्त वायफाय पसरवणार). मी दुसराच सांगेन. ब्रिज मोडसाठी कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड लागतं, आणि एखाद्या दुपारी नेट गेलं म्हणून आलेल्या माणसाने डबी रीसेट केली की सगळी मेहनत पाण्यात. ॲक्सेस पॉइंट मोड आपल्या राउटरमध्ये एका बटणावर होतो. त्यानंतर राउटरच्या पानाचा पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्यावर काहीच उघडत नाही. मी त्याच क्षणी घाबरून राउटर रीसेट केला होता आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तुम्ही करू नका. नवा पत्ता डबीच्या पानावर, जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दिसतो.

वॅनचा आयपी १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, किंवा ‘१०.’ने सुरू होत असेल, तर मधे बहुतेक नेटची कंपनी स्वतः आहे. याला सीजीनॅट म्हणतात. एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. पाकिटावर सोसायटीचं नाव आहे पण फ्लॅट नंबर नाही, मग वॉचमन पार्सल परत पाठवणार, तसंच हे. घरातलं काहीही बदलून हे सुटत नाही. कस्टमर केअर ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणेल. त्यांना एकच वाक्य सांगा: मला पब्लिक आयपी (फक्त माझ्या घराचा, बाहेरून थेट दिसणारा पत्ता) हवा आहे. बऱ्याच कंपन्या तो ‘स्टॅटिक आयपी’ या नावाने वेगळे पैसे घेऊन देतात. आपल्याला तो पब्लिक असणं पुरतं, कायम तोच राहिला नाही तरी चालतं. पैसे मात्र चाचणी फसल्यावरच भरा, कारण सीजीनॅटमधूनही कधीकधी कनेक्शन लागतं.

पत्त्याचा प्रश्न सुटल्यावर राउटरमध्ये यूपीएनपी (कन्सोलला हवी ती वाट राउटर आपोआप उघडतो ती सोय) चालू करा आणि कन्सोलवर ‘टेस्ट इंटरनेट कनेक्शन’ चालवा. त्यात नॅट टाइप, म्हणजे बाहेरून कन्सोलपर्यंतची वाट किती मोकळी आहे ते, दिसतं. २ दिसला की झालं. ३ दिसला, तर कन्सोलला राउटरमध्ये कायमचा आयपी बांधून द्या आणि टीसीपी ९२९५, यूडीपी ९२९६ व ९२९७ हे पोर्ट (राउटरमधले ठरावीक क्रमांकांचे दरवाजे) ‘पोर्ट फॉरवर्डिंग’मधून त्याच्याकडे वळवा.

आता वेगाचं बोलू. सोनी किमान ५ एमबीपीएस मागते आणि १५ असावेत असं सुचवते. बाहेरून खेळताना चित्र घरातून बाहेर जातं, म्हणून घरचा अपलोड बघा. जाहिरातीतला आकडा अनेकदा डाउनलोडचा असतो. ॲपमध्ये रिझोल्यूशन ७२० ठेवा. फोनच्या पडद्यावर १०८०चा फरक मला तरी जाणवत नाही. डेटाचा हिशेबही आधीच करा: १० एमबीपीएसने तासाला साडेचार जीबी जातात. रोजचा २ जीबीचा पॅक अर्ध्या तासातच आटपतो. म्हणून मी जिथे जातो तिथलं वायफाय वापरतो.

लोकलमध्ये मात्र नादी लागू नका. गाडी एका टॉवरवरून दुसऱ्यावर जाते तेव्हा चित्र गोठतं, आणि फुटबॉलसारख्या खेळात तेवढ्यात गोल खाल्लेला असतो. पाळीपाळीने खेळायचे खेळ कसेबसे चालतात.

घराबाहेर पडताना कन्सोलवर नारिंगी दिवा दिसतोय ना बघा. तो असेल तर रेस्ट मोड चालू आहे. आणि बोर्डावरचं कन्सोलचं बटण बंद करू नका, असं घरच्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे आई बाहेर जाताना सगळी बटणं बंद करते, वर्षानुवर्षांची सवय आहे. मी त्या एका बटणावर लाल टेप लावलीय.