घराचं काम काढण्याआधी, आणि भिंती बंद होण्याआधी

घराचं काम काढायचं ठरलं की टाइल्सची दुकानं फिरायला घाई करू नका. आधी वही घेऊन खोलीखोलीत उभं राहा आणि काय तोडायचं, काय तसंच ठेवायचं, काय हलवायचं ते लिहून काढा. ‘बाथरूम नवीन करायचंय’ एवढ्यावर कुणीही दर सांगेल, पण पाइप बदलायचे की नुसते नळ, जुन्या टाइल्स काढायच्या की त्यांच्यावरच नव्या बसवायच्या, तोडफोडीचं राबिट कोण उचलणार, हे कागदावर आल्याशिवाय त्या दराला काही अर्थ नाही. तीन जणांना हाच कागद द्या. एखाद्याचा आकडा फारच खाली असेल तर त्याने काय धरलेलं नाही ते शोधा.

कॉन्ट्रॅक्टरचं नुकतंच संपलेलं काम चकचकीतच दिसतं. दोन-तीन वर्षं वापरात असलेलं काम बघायला मागा. बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला ओल आहे का पाहा, आणि घरमालकाला एकच विचारा: तक्रार केल्यावर हा माणूस परत आला का?

भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका. कॉलम-बीमला तर हातच नको. परवानग्या कोण काढणार, तेही आधीच ठरवा.

करारात मालाचा ब्रँड, ग्रेड, प्लायची जाडी येऊ द्या. दर स्क्वेअर फुटावर असेल तर दारं-खिडक्या वजा होणार का, ते स्पष्ट करा. बिलाच्या दिवशीची निम्मी भांडणं इथूनच निघतात. पैसे तारखेवर ठरवू नका, कामाच्या टप्प्यावर ठरवा आणि शेवटचे 5 ते 10 टक्के हातात ठेवा. कामात बदल सुचला तर तो मिस्त्रीला तोंडी सांगू नका. कॉन्ट्रॅक्टरला मेसेज करा, वाढीव खर्च आणि दिवस दोन्ही लिहून घ्या, मग काम पुढे जाऊ द्या. जुनं घर उघडल्यावर गंजलेले पाइप, पोकळ प्लास्टर असं काहीतरी निघतंच, म्हणून 10 ते 15 टक्के रक्कम बाजूला असू द्या. टाइल्स लागतील त्यापेक्षा दहाएक टक्के जास्त आणि एकाच बॅच नंबरच्या घ्या. दुसऱ्या बॅचची छटा डोळ्याला खुपते.

माझ्या मते तुमचा खरा वेळ इथे जायला हवा: जे भिंतीत आणि फरशीखाली गाडलं जाणार आहे, ते झाकण्याआधी. रंग आवडला नाही तर पुन्हा देता येतो, पण गळका पाइप दुरुस्त करायला सगळं फोडावं लागतं. पाइप बसले की प्रेशर टेस्ट करून घ्या, म्हणजे पाइपांत दाबाने पाणी भरून ठेवायचं आणि दाब मोजणाऱ्या गेजवर नजर ठेवायची. गेजचा काटा खाली आला तर कुठेतरी गळती आहे. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणीच्या जाळीचं तोंड बंद करून पाणी भरा, पातळीवर पेन्सिलची रेघ ओढा आणि निदान 24 तास तसंच राहू द्या. खालच्या मजल्याचं छतही बघून या. फरशी बसल्यावर बादलीभर पाणी ओता. उतार मीटरला साधारण 1 ते 2 सेंटिमीटर असला की पाणी आपसूक जाळीकडे जातं. कोपऱ्यात डबकं राहिलं तर तेव्हाच दाखवा. वायरिंगमध्ये अर्थिंग तपासून घ्या, गीझर आणि एसीला स्वतंत्र लाइन द्या, शॉकपासून वाचवणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. आणि भिंती बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा. उद्या कपाटासाठी ड्रिल लावताना पाइप कुठे आहे, ते हेच फोटो सांगतील.

सिमेंटचं पाणी ड्रेनेजमध्ये ओतू देऊ नका. आत जाऊन घट्ट बसतं. प्लास्टरवर सातएक दिवस पाणी मारलं जातंय ना ते बघा, आणि ते पूर्ण सुकल्याशिवाय रंगाला हात लावू देऊ नका.

काम संपलं म्हणाले की दिवसाउजेडी फिरा. दारं, ड्रॉवर उघडझाक करा, टाइल्सवर नाण्याने टकटक करा, पोकळ वाजेल तिथे खूण करा. सापडलेल्या उणिवांची यादी करा, आणि त्या सगळ्या दुरुस्त झाल्यावरच शेवटचा हप्ता द्या. त्याच दिवशी वॉरंटी कार्डं, रंगाचे शेड नंबर आणि उरलेल्या टाइल्स ताब्यात घ्या, आणि पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.