मेमरी महागलेल्या दिवसांत बजेट ग्राफिक्स कार्ड कसं निवडावं

माझ्या भाच्याने अकरावीत असताना साठवलेल्या पैशांतून जीटी १०३० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. यूट्यूबवर ज्या कार्डाच्या चाचण्या तो महिनाभर पाहत होता, त्याच नावाचं. घरी आणून गेम लावला तर व्हिडिओत दिसायच्या त्याच्या निम्म्या फ्रेम्ससुद्धा मिळेनात. ड्रायव्हर बदलून झाला, विंडोज नव्याने टाकून झालं. शेवटी आम्ही जीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उघडलं आणि ‘मेमरी टाइप’च्या चौकटीत डीडीआर४ असं दिसलं.

२०१७ साली जीटी १०३० आलं तेव्हा त्यात जीडीडीआर५ ही खास ग्राफिक्स कार्डांसाठीची वेगवान मेमरी होती. ती सेकंदाला ४८ जीबी माहिती पोचवायची. २०१८ मध्ये त्याच नावाखाली डीडीआर४चं, म्हणजे मशीनच्या साध्या रॅमची मेमरी लावलेलं कार्ड आलं, त्याचा वेग सेकंदाला १६.८ जीबी. खोक्यावर नाव तेच, ‘२ जीबी’ हा आकडाही तोच. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! दुकानदाराने कार्ड परत घेतलं नाही, कारण बिलावर ‘ग्राफिक्स कार्ड २ जीबी’ एवढंच लिहिलेलं होतं आणि तेवढं त्याने दिलंच होतं.

हे आज सांगायचं कारण म्हणजे मेमरीचे भाव. २०२५च्या दिवाळीच्या आसपासपासून रॅम भराभर महागली. काही महिन्यांपूर्वी जो डीडीआर५चा, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमचा ३२ जीबीचा संच सहज परवडायचा, त्याची किंमत वर्ष संपेपर्यंत दुप्पट-तिप्पट होऊन त्याही पुढे गेली. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम ही मेमरी त्यांच्याच कारखान्यांत तयार होते, आणि तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५पेक्षा तिला साधारण तिप्पट सिलिकॉन लागतं. म्हणजे एचबीएमची प्रत्येक मोठी ऑर्डर आपल्या रॅमच्या वाट्यातून जाते. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशियल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. ग्राफिक्स कार्डावरची मेमरीही याच कंपन्यांकडून येते. त्यामुळे स्वस्त कार्डात काटछाट करायची तर पहिली कात्री मेमरीला लागते, आणि ती कुठे लागली आहे हे खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांत कधीच लिहिलेलं नसतं.

पायरी १ : आधी घरच्या मशीनची नोंद करा

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर चार गोष्टी लिहून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. रॅम किती आहे, तिचा वेग किती आणि किती स्लॉट भरलेत हे तिथे दिसतं. नेहमीची कामं चालू ठेवून किती रॅम वापरली जाते तेही पाहा. नंतर सीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं आणि मदरबोर्डचं नाव बघून लिहा. कॅबिनेटचं झाकण उघडून पॉवर सप्लायवरचे वॉट आणि ग्राफिक्स कार्डासाठीची ६ किंवा ८ पिनची वायर आहे का, ते पाहा. बाजारातल्या बऱ्याच तयार ऑफिस मशीनमध्ये ही वायरच नसते.

चौथी गोष्ट पीसीआयईची, म्हणजे मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्ड जिथे बसतं त्या जोडणीची पिढी. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे डेस्कटॉप प्रोसेसर ३.० वर चालतात, अकराव्यापासून ४.० मिळतं. एएमडीकडे बी४५० बोर्ड असेल तर ३.०. बी५५० असला तरी प्रोसेसर रायझन ५ ५६००जी असेल तर कार्डाला ३.० च मिळतं. याची गरज पायरी ४ मध्ये पडेल.

पायरी २ : कार्ड खरंच लागणार आहे का?

टॅली, एक्सेल, ऑनलाइन क्लास, कोडिंग शिकणं, पिक्चर पाहणं यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स पुरतं. रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जीवर हलकेफुलके गेमही चालतात. मात्र अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मशीनची रॅमच वापरतं. अशा मशीनमध्ये १६ जीबीची एक पट्टी घालण्याऐवजी ८-८च्या दोन घाला. दोन पट्ट्या दोन वाटांनी एकाच वेळी माहिती देतात आणि गेममधला फरक डोळ्यांना दिसतो. रॅम महाग आहे म्हणून दुकानदार ‘एक पट्टी आत्ता घ्या, दुसरी नंतर बघू’ म्हणेल. अंगभूत ग्राफिक्सवर राहणार असाल तर तो सल्ला ऐकू नका.

पायरी ३ : नाव बाजूला ठेवा, मेमरीची ओळ वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नेमक्या मॉडेलचं पान उघडा आणि मेमरीचा प्रकार, तिची क्षमता, बसची रुंदी आणि कोअरची, म्हणजे चिपमधल्या हिशेब करणाऱ्या छोट्या भागांची संख्या शोधा. बसची रुंदी म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधला रस्ता किती पदरी आहे ते. ती बिटमध्ये दिलेली असते. रुंदीला मेमरीच्या वेगाने (तो जीबीपीएसमध्ये दिलेला असतो) गुणा आणि ८ ने भागा, की सेकंदाला किती जीबी माहिती वाहते ते निघतं. जीटी १०३०च्या जीडीडीआर५ कार्डाचं गणित असं : ६४ गुणिले ६ भागिले ८, म्हणजे ४८. हा हिशेब मोबाइलवर होतो आणि दुकानातल्या अर्ध्या गप्पा त्याने थांबतात.

आता नावं पाहा. आरटीएक्स ३०५० हे २०२२ मध्ये ८ जीबी, १२८ बिट आणि २५६० कोअर घेऊन आलं. २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं कार्ड आलं. त्यात बस ९६ बिट आणि कोअर २३०४. केवळ २ जीबी कमी असं वाटतं, प्रत्यक्षात वेग २२४ वरून १६८ जीबीवर आलेला असतो. तरीही हे ६ जीबीचं कार्ड मी टाकाऊ म्हणणार नाही. ते ७० वॉटवर चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर वायर लागत नाही, आणि जुन्या ऑफिस मशीनमध्ये बसवायला ते फार सोयीचं आहे. फक्त ८ जीबीच्या किमतीला ते घेऊ नका.

आरटीएक्स ३०६० आधी १२ जीबी आणि १९२ बिटचं होतं, नंतर ८ जीबी आणि १२८ बिटचंही निघालं. आरएक्स ५८० या नावाखाली चीनच्या बाजारासाठी काढलेल्या एका प्रकारात २३०४ऐवजी २०४८ कोअर असतात, म्हणजे तो खरं तर आरएक्स ५७०च. जीटी ७३०ची कथा याहून वाईट. त्याचे डीडीआर३ आणि जीडीडीआर५ असे वेगवेगळे प्रकार निघाले, आणि ४ जीबी डीडीआर३चं कार्ड २ जीबी जीडीडीआर५च्या कार्डापुढे मार खातं. मोठा जीबी आकडा पाहून पालक हेच कार्ड उचलतात, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.

हे ६, ८, १२, १६ असेच आकडे का येतात? मेमरीची एक चिप रस्त्याचे ३२ बिट घेते, आणि आजच्या बजेट कार्डांवरच्या एका चिपमध्ये सहसा २ जीबी मावतात. १२८ बिट म्हणजे ४ चिप, म्हणून ८ जीबी. ९६ बिट म्हणजे ३ चिप, म्हणून ६. बोर्डाच्या मागच्या बाजूलाही तेवढ्याच चिप लावल्या की ८चे १६ होतात, पण रस्ता तेवढाच राहतो. एवढं लक्षात राहिलं की जीबीच्या आकड्यावरूनच बसची कल्पना येते.

पायरी ४ : ८ जीबी की १६?

आरटीएक्स ५०६० टीआय एप्रिल २०२५ मध्ये दोन रूपांत आलं : ८ जीबी ३७९ डॉलरला, १६ जीबी ४२९ डॉलरला. जूनमध्ये एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी आलं, २९९ आणि ३४९ डॉलरला. दोन्हीकडे जाहीर फरक ५० डॉलरचा आणि मुख्य चिप तीच. आपल्याकडे आयात आणि १८ टक्के जीएसटी धरून रुपयांतला फरक वेगळा पडतो, आणि मेमरी महागली की हेच अंतर आणखी वाढतं.

कार्डाची मेमरी अपुरी पडली की उरलेली माहिती मशीनच्या रॅममध्ये जाते आणि पीसीआयईच्या वाटेने ये-जा करते. ५०६० टीआयची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी देते. हे कार्ड ८ लेनचं आहे, म्हणजे ते पीसीआयईच्या वाटेचे ८ पदर वापरतं. पीसीआयई ३.० च्या बोर्डावर ८ लेनमधून सेकंदाला जेमतेम ८ जीबी जातात, ४.० वर १६, ५.० वर ३२. म्हणून ८ जीबीचं कार्ड जुन्या बोर्डावर जास्त अडखळतं, आणि जुना बोर्ड वापरणारा ग्राहकच ते घ्यायला येतो. आरएक्स ६५०० एक्सटी तर ४ लेनचं. मूळ कार्ड ४ जीबीचं, शिवाय त्यात व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी लागणारा एन्कोडर नाही. पीसीआयई ३.० च्या मशीनसाठी ते टाळाच.

माझं मत असं. १०८०पी मॉनिटरवर मुख्यतः व्हॅलोरंट, सीएस २ किंवा क्रिकेटचे गेम खेळायचे असतील तर ८ जीबी पुरतील. नवे, मोठे गेम पुढची ४-५ वर्षं खेळायचे असतील, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये काम असेल किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवून पाहायचं असेल, तर एक-दोन महिने थांबून पैसे जमवा आणि १६ घ्या. ग्राफिक्स कार्डाची मेमरी नंतर वाढवता येत नाही. मधला पर्याय म्हणून इंटेलचं आर्क बी५८० पाहा : १२ जीबी, १९२ बिट. मात्र त्याला बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, रिसायझेबल बार हा पर्याय चालू असावा लागतो. तो नसलेल्या जुन्या मशीनवर हे कार्ड निराश करतं.

पायरी ५ : रॅमवर खर्च बेताने

मशीनमध्ये डीडीआर४ असेल आणि काम अडत नसेल, तर केवळ डीडीआर५साठी बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं बदलण्याची ही वेळ नव्हे. एक स्लॉट रिकामा असेल तर त्याच क्षमतेची आणि त्याच वेगाची दुसरी पट्टी घाला. गेमसाठी १६ जीबीवर आजही निभतं. जुनी रॅम भंगारात देऊ नका, तिलाही आता भाव आहे. नवी पट्टी बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करा, नाहीतर महागाची रॅम कमी वेगावरच चालत राहते.

डीडीआर४ आणि डीडीआर५च्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत कुणी सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम स्वस्तात दाखवली तर घेऊ नका, साध्या डेस्कटॉप बोर्डावर ती चालत नाही. वापरलेली रॅम घेतली तर रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावून ठेवा. एकही चूक दिसली तरी पट्टी परत करा.

पायरी ६ : काउंटरवर

पैसे देण्याआधी खोक्याच्या कडेवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक वाचा आणि तोच मोबाइलवर शोधा. काही कंपन्या त्यातच मेमरीचा प्रकार लिहितात. गिगाबाइटच्या जीटी १०३०च्या क्रमांकात डी४ किंवा डी५ असतं, एका आकड्याचा खेळ. बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक, मेमरीची क्षमता आणि प्रकार, सीरियल नंबर आणि जीएसटी हे सगळं लिहून घ्या. दुकानदार ‘दादा, एवढं कोण लिहितं’ म्हणाला तरी शांतपणे थांबा. बिल न घेता थोडं स्वस्त मिळत असेल तर नको म्हणा, बिलाविना वॉरंटीचं भांडण तुम्ही हराल.

पायरी ७ : घरी आल्यावर त्याच दिवशी

खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डला न लावता कार्डाला लावा. ही चूक फार जण करतात आणि नवं कार्ड हळू चालतं म्हणून वैतागतात. ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या, मग जीपीयू-झेड उघडा आणि मेमरी टाइप, बस विड्थ, बँडविड्थ (सेकंदाला किती जीबी), शेडर्स (म्हणजे कोअर) हे आकडे पायरी ३ मध्ये लिहिलेल्यांशी ताडून पाहा. जुन्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाचा बायोस बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार होत आले आहेत. अशा कार्डाच्या नावाआधी जीपीयू-झेड ‘फेक’ असा शब्द दाखवतं. आकडे जुळले की त्या खिडकीचा स्क्रीनशॉट आणि बिलाचा फोटो एकत्र जपून ठेवा. जुळले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना दारात उभे राहा.