विकिपीडियावरची छुपी जाहिरात ओळखा
इंदूरला भंवरकुआंमध्ये मुलांसाठी क्लास शोधताय आणि त्या संस्थेचं विकिपीडियावर पान दिसलं? आधी ‘इतिहास पहा’ दाबा. जवळजवळ सगळा मजकूर एकाच खात्यानं लिहिलाय, त्या खात्यानं दुसरीकडे काहीच लिहिलेलं नाही आणि टीकेचा परिच्छेद मात्र गुपचूप उडवलाय, असं दिसलं तर सावध व्हा. तळाचे संदर्भही उघडा. सगळी संस्थेचीच पत्रकं निघाली तर माहिती एकतर्फी समजा. पैसे घेऊन लिहिणाऱ्यानं तसं जाहीर करणं २०१४ पासून बंधनकारक आहे. तरी २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाला पैसे घेऊन लपून लिहिणाऱ्या एका टोळीची ३८१ खाती बंद करावी लागली. त्या टोळीनं छोट्या व्यावसायिकांकडून पान टिकवण्याचेही पैसे मागितले होते, हे फार संतापजनक! शंका आली तर ‘चर्चा’ पानावर नेमकं वाक्य देऊन लिहा.