पायांचा उभा एक्स-रे: घरातून निघण्याआधीची तयारी

डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी आधी नीट वाचून घ्या. ‘गुडघ्याचा एक्स-रे’ वेगळा आणि ‘दोन्ही पायांचा फुल लेंथ स्टँडिंग एक्स-रे’ वेगळा. पेडण्याहून किंवा वाळपईहून पंचाहत्तरीच्या आजींना बांबोळीपर्यंत आणल्यावर हा फरक कळला, तर त्यांचा दिवसही जातो आणि गुडघेही सुजतात. पहिल्यात फक्त सांधा दिसतो. दुसऱ्यात खुब्यापासून घोट्यापर्यंतची हाडं एका चित्रात येतात, आणि पाय नक्की किती वाकलाय ते याच चित्रावर मोजतात. कुणी त्याला स्कॅनोग्राम म्हणतं, कुणी लाँग फिल्म. ही सोय प्रत्येक एक्स-रे खोलीत नसते. म्हणून गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जायचं असो, म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात (जुनं आझिलो), मडगावच्या जिल्हा रुग्णालयात (जुनं हॉस्पिसियो) किंवा एखाद्या खासगी केंद्रात, आधी विचारून घ्या. विचारताना स्पष्ट सांगा: उभं करून, खुबा ते घोटा, दोन्ही पाय एकत्र. वेळही ठरवून घ्या, कारण वयस्कर माणसाला नीट उभं करायला वेळ लागतो आणि गर्दीच्या तासात तोच मिळत नाही.

काय मोजणार आहेत ते घरातल्या एकाला तरी माहीत असावं. खुब्याच्या गोल डोक्याचा मध्य, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य असे तीन बिंदू घेतात. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत एक रेघ आणि तिथून घोट्यापर्यंत दुसरी. दोन्ही एका सरळीत आल्या तर कोन १८० अंश. निरोगी पायातही तो अंश-दीड अंशाने इकडेतिकडे असतो, त्याची काळजी नको. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तशी खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एकच सरळ रेघ सोडली, तर ती गुडघ्याच्या साधारण मधून, किंचित आतल्या बाजूने जायला हवी. ती फारच आतून गेली तर पाय फेंगडा, डॉक्टरांच्या भाषेत व्हेरस. बाहेरून गेली तर गुडघे एकमेकांना घासतात, ते व्हॅल्गस. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉ. लीना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘जामा’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की गुडघ्याची झीज आधीच सुरू झालेल्यांमध्ये व्हेरस असेल तर दीड वर्षात आतल्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट होते. व्हॅल्गसमध्ये बाहेरच्या बाजूचंही तसंच. म्हणजे हा आकडा नुसता कागदावरचा नाही. पट्टा द्यायचा, व्यायाम कोणते सांगायचे, शस्त्रक्रिया करायची तर हाड कुठे आणि किती कापायचं, हे त्यावरून ठरतं.

आणि हा आकडा माणूस उभा कसा राहिला त्यावर अवलंबून असतो. यंत्र कितीही चांगलं असलं तरी उभं राहणं चुकलं तर कोन चुकतो. झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये सांध्यावर वजन नसतं, त्यामुळे झिजलेल्या गुडघ्याचा वाक खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणून वजन दोन्ही पायांवर सारखं हवं. दुखरा पाय वाचवण्याची सवय वर्षानुवर्षांची असते. बाबा ‘मी सरळच उभा आहे’ म्हणतात आणि सगळा भार चांगल्या पायावर टाकलेला असतो. त्यांना दोष देऊ नका, ते त्यांना जाणवतच नाही.

यासाठी चार-पाच दिवस आधीपासून घरी सराव करून घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून, समोर आधाराला जड खुर्ची. पावलांमध्ये थोडं अंतर. आता पावलांकडे नाही, गुडघ्याच्या वाट्यांकडे बघा. दोन्ही वाट्या सरळ समोर हव्यात. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण जवळजवळ प्रत्येक घरात पावलं समांतर ठेवायला शिकवतात. नळीच्या हाडाला पीळ असू शकतो. मग वाटी समोर आणली की पाऊल थोडं बाहेर वळतं. वळू द्या. पाऊल ओढून सरळ केलं तर वाटी आत फिरते आणि चित्र बिघडतं. त्यानंतर गुडघा जमेल तितका सरळ करायला सांगा. तो पूर्ण सरळ होत नसेल तर जोर लावू नका, पण ही गोष्ट एक्स-रे काढणाऱ्याला सांगायची म्हणून लिहून ठेवा. गुडघा थोडा वाकलेला आणि पाय बाहेर फिरलेला असला, की पाय आहे त्यापेक्षा जास्त फेंगडा दिसतो. अशा फिल्मवरून शस्त्रक्रियेचं गणित मांडणं धोक्याचं आहे.

या अवस्थेत दोन-तीन मिनिटं न हलता उभं राहता आलं पाहिजे. प्रत्यक्षात किरण क्षणभरच पडतो. पण बऱ्याच ठिकाणी खुबा, गुडघा आणि घोटा अशी तीन चित्रं वेगवेगळी काढून संगणकावर जोडतात. मध्ये माणूस हलला तर जोड चुकतो, आणि जोड चुकला की कोनही.

आणखी एक सराव पायरीचा. अनेक यंत्रांची चित्र घेणारी पाटी जमिनीपर्यंत खाली येत नाही, म्हणून घोटा चित्रात यावा यासाठी माणसाला चौथऱ्यावर उभं करतात. आजी तिथेच घाबरतात. बलकांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, एका पायरीवर त्यांना चढवून-उतरवून घ्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. वर उभं राहून चेहरा समोर आणि दोन्ही हात बाजूच्या दांडीवर. चक्कर येण्याचा त्रास असेल तर तो खोलीत शिरतानाच सांगायचा, चौथऱ्यावर चढल्यावर नाही.

कपडे सैल आणि बिनधातूचे. साडी सोडावी लागेल, म्हणून आतला परकर साधा असावा, नाडीचा, हूक किंवा सेफ्टी पिन नसलेला. पुरुषांच्या बाबतीत करदोडा लक्षात ठेवा. चांदीचा करदोडा बरोबर खुब्याच्या आसपास येतो आणि ज्या बिंदूपासून रेघ काढायची त्याच्या जवळ पांढरी सावली पाडतो. तो लग्नापासून काढलेला नसतो, म्हणून आदल्या दिवशी घरीच, शांतपणे समजावून काढून ठेवा. पैंजणही काढा. जोडव्यांचं मात्र आधी विचारा, बोटं मापात येत नाहीत, उगाच आजींचं मन दुखवायला नको. खिशातली नाणी, चाव्या, तंबाखूची डबी घरी. पावसाळ्यात पाय पुसायला एक जाड टॉवेल घ्या, ओले पाय चौथऱ्यावर घसरतात.

एका कागदावर जुना इतिहास लिहा: कधी हाड मोडलं होतं, पायात रॉड किंवा प्लेट आहे, खुबा बदललाय, कुठला पाय आखूड वाटतो. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि मांडीत खोल दुखत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि एक्स-रेच्या तारखेची वाट बघत बसू नका. त्या औषधाने क्वचित मांडीच्या हाडाला बाहेरच्या बाजूने बारीक तडा जातो आणि दुखणं हीच त्याची आधीची खूण असते. शिवाय ठिसूळ हाडांची डेक्सा तपासणी ही नाही. पुष्कळ लोक दोन्हींत गोंधळ करतात. डेक्सा हाडाची घनता सांगते, हा एक्स-रे हाडांची रेघ सांगतो.

उपाशी जायची गरज नाही. नाश्ता, रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी नेहमीप्रमाणे. मधुमेह असेल तर बिस्किटं आणि पाणी जवळ. जुन्या फिल्मा, आधार कार्ड आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड एकाच पिशवीत. शक्यतो सकाळी जा. दिवसभर चालून गुडघा सुजल्यावर सरळ होत नाही.

एक पाय आखूड असेल तर खोलीत गेल्यावर तसं सांगा. त्या पायाखाली लाकडी ठोकळा देऊन कंबर समपातळीत आणतात. तो किती मिलिमीटरचा होता ते फिल्मवर किंवा रिपोर्टवर लिहून मागा, पुढच्या वेळी तोच लागेल. लांबीही मोजायची असेल तर गुडघ्याच्या पातळीवर धातूची छोटी गोळी लावतात. तिचा खरा व्यास माहीत असल्यामुळे चित्र किती मोठं झालंय ते कळतं. कोनाला मात्र त्याने फरक पडत नाही.

बाहेर पडण्याआधी फिल्म दिव्यासमोर धरून बघा. दोन्ही खुबे दिसतायत का, दोन्ही घोटे दिसतायत का, वाट्या मांडीच्या हाडाच्या मधोमध आहेत का, उजव्या-डाव्याची खूण आहे का. यातलं एक जरी नसेल तर तिथेच, माणूस अजून खोलीशी आहे तोवर, नम्रपणे विचारा. फिल्मबरोबर सीडीही मागा, कारण शल्यविशारद कोन संगणकावर मोजतात. घरी आणताना फिल्मची घडी घालू नका, गुंडाळा.