रोज एक फोटो काढायचं ठरवलंय? मग या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी १ जानेवारीला सुरुवात केली आणि संक्रांतीचा तीळगूळ संपायच्या आत बंद पडलो. रोज काहीतरी भारीच दिसलं पाहिजे, हा हट्ट नडला. ताडोबा काही रोज घडत नाही. रात्री नऊला आठवायचं, अरे, फोटो राहिला! मग ट्यूबलाइटखाली चपलेचा फोटो. दुसऱ्या वर्षी जागा आणि वेळ बांधून घेतली: सकाळी बंडी जुंपायच्या आधी, शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, निंब. आई म्हणायची, "काय काहाडतं बाप्पा रोज त्या निंबाचा फोटू?" पण पानगळ, तांबूस पालवी, मोहर, निंबोळ्या, सगळं त्यातच सापडलं.

सगळ्यात जास्त फोटो बिघडतात ते कापसात. मोठी आई वेचत होती, ओटी भरलेली, मागं पांढरंफटक वावर. फोटोत तिचं तोंड काळं ठिक्कर. "मी इतकी काळी हावो काय रे?" कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी काढतो, पांढरं जास्त दिसलं की चित्र अंधारं करतो. अशा वेळी स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि बहुतेक फोनमध्ये बाजूला सूर्याची खूण येते, ती थोडी वर सरकवा. मागचा कापूस फोटोत जरा जास्तच पांढरा झाला तर होऊ द्या. नुसतं बोंड टिपताना कापूस करडा दिसला तर खूण वर, धागे दिसेनासे झाले तर खाली. भर दुपारी माणसाला झाडाच्या सावलीत घ्या, नाहीतर डोळ्यांच्या जागी खड्डेच येतात.

फोटो धुरकट येतोय म्हणून नवा फोन घेऊ नका. आधी लेन्सवरची धूळ फुंकून उडवा, मग मऊ सुती कापडानं पुसा. मे महिन्यात ४५ अंशांत फोन तापून कॅमेरा बंद पडतो. कव्हर काढून सावलीत ठेवा, फ्रिजमध्ये नको, आत पाणी धरतं.

जागा भरली, ही तक्रार नेहमीची. एक फोटो ४ एमबी धरला तरी ३६५ फोटो दीड जीबीतच मावतात. जागा खातात ते न निवडलेले. रोज झोपताना एक ठेवा, बाकी उडवा. महिन्याला पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दबून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणखी एक, जरा कडू. बाहेरचे फोटोवाले येतात नि भेगाळलेली जमीन, कपाळाला हात लावलेला म्हातारा घेऊन जातात. आपणही तेच काढायचं काहून? तोच म्हातारा तान्ह्या पोळ्याला नातवाचा लाकडी बैल सजवतो. विचारून काढा, आणि एक प्रिंट त्याच्या घरी द्या.

दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी दोन काढून हिशेब जुळवू नका. मी वहीत ती तारीख रिकामी ठेवतो आणि बाजूला कारण लिहितो. शेतीची लाइन, म्हणजे वीज, रात्रीची असली की ओलितही रात्रीच करावं लागतं. डिसेंबरात सलग तीन ओळी सारख्याच आहेत: लाइन रात्रीची, ओलित.